टाकीतच टीएचएम उडवताना: एअरेशनची आखणी, हिशेब आणि नेमके कुठे चुकते

पाण्यात क्लोरीन टाकले की जंतू मरतात, पण पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्याशीही तो अभिक्रिया करतो आणि त्यातून नको असलेली संयुगे तयार होतात. १९७४ साली रॉटरडॅममध्ये योहानेस रूक यांनी ही गोष्ट दाखवून दिली. त्या संयुगांतला सर्वांत परिचित गट म्हणजे ट्रायहॅलोमिथेन, थोडक्यात टीएचएम. हा गट बाष्पशील आहे. पाण्याला पुरेशी ताजी हवा भेटली की तो पाणी सोडून हवेत जातो. म्हणून जलशुद्धीकरण केंद्रातली प्रक्रिया न बदलता, वितरणातल्या एखाद्या टाकीत एअरेशन, म्हणजे पाण्याशी हवा खेळवण्याची सोय, बसवून टीएचएम कमी करता येतात.

हे ऐकायला जितके सोपे वाटते तितके नाही, आणि त्याची कारणे दोन. टीएचएम काढून टाकले तरी पाण्यात क्लोरीन आणि सेंद्रिय द्रव्य दोन्ही शिल्लक असतात, म्हणून टाकीतून निघाल्यावर ते पुन्हा तयार होऊ लागतात. दुसरे म्हणजे पाणी कसे फिरवायचे याचा विचार सगळे करतात, पण हवा कुठून येणार आणि कुठे जाणार याचा विचार कुणी करत नाही. फसलेल्या बहुतेक टाक्यांचे मूळ या दुसऱ्या कारणात असते.

आधी ठरवा: एअरेशन तुमच्या कामाचे आहे का

प्रयोगशाळेकडून फक्त एकूण टीएचएमचा आकडा घेऊ नका. चारही संयुगे वेगवेगळी मोजून घ्या: क्लोरोफॉर्म, ब्रोमोडायक्लोरोमिथेन, डायब्रोमोक्लोरोमिथेन आणि ब्रोमोफॉर्म. मानकांची पद्धतही सगळीकडे एक नाही. अमेरिकेत चौघांची बेरीज ८० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आणि युरोपीय संघात १०० अशी मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि भारताचे आयएस १०५०० मानक प्रत्येक संयुगाला स्वतंत्र मर्यादा देतात.

वेगवेगळे मोजायचे खरे कारण हेन्री स्थिरांक. पाण्यातून हवेत जाण्याची ओढ किती, हे तो सांगतो. २० अंश सेल्सिअसला, एकक नसलेल्या रूपात, हे आकडे साधारण असे आहेत: क्लोरोफॉर्म ०.१२५, ब्रोमोडायक्लोरोमिथेन ०.०६७, डायब्रोमोक्लोरोमिथेन ०.०३६, ब्रोमोफॉर्म ०.०१८. म्हणजे ब्रोमोफॉर्म उडवायला क्लोरोफॉर्मच्या सातपट हवा लागते.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. दोन वेगवेगळी पाणी घ्या, दोन्हींत एकूण टीएचएम १०० आहे असे धरा. पहिल्यात ८० क्लोरोफॉर्म, १५ ब्रोमोडायक्लोरोमिथेन आणि ५ डायब्रोमोक्लोरोमिथेन. दुसऱ्यात याच क्रमाने १०, २० आणि ३५, शिवाय ३५ ब्रोमोफॉर्म. चांगल्या ढवळलेल्या टाकीत एक घनमीटर पाण्यामागे १० घनमीटर हवा सोडली आणि प्रत्येक बुडबुडा पूर्ण संपृक्त होऊन, म्हणजे मावेल तेवढे टीएचएम उचलून, बाहेर पडला, तर पहिले पाणी १०० वरून सुमारे ४८ वर येते. दुसरे ७२ वरच अडकते. यंत्रणा तीच आणि विजेचे बिलही तेच. समुद्रालगतच्या किंवा खारट भूजलाच्या स्रोतांत ब्रोमाइड जास्त असते, तिथे एअरेशनचा निर्णय घेण्याआधी हा हिशेब केलाच पाहिजे.

दुसरी अट हॅलोॲसेटिक आम्लांची, म्हणजे क्लोरीनमुळेच तयार होणाऱ्या दुसऱ्या एका गटाची. ही बाष्पशील नाहीत, कितीही हवा दिली तरी पाण्यातच राहतात. तुमचा प्रश्न टीएचएमचा आणि या आम्लांचा असा दुहेरी असेल, तर एअरेशनने अर्धेच काम होईल. अशा वेळी पैसा सेंद्रिय द्रव्य आधीच काढण्यावर घालावा: कोॲग्युलेशन (रसायन टाकून पाण्यातली घाण गोळा करून काढणे) सुधारणे, सक्रिय कोळसा वापरणे, क्लोरीन टाकण्याची जागा पुढे नेणे. टाक्यांत पाणी विनाकारण दिवसेंदिवस पडून राहत असेल तर आधी तो साठा कमी करून पाहा. त्याला जवळजवळ काही खर्च येत नाही.

पायरी १: नमुने नीट घ्या

टीएचएमचा नमुना चुकीचा घेतला की पुढचा सगळा हिशेब खोटा ठरतो, आणि चूक नेहमी एकाच दिशेने होते: आकडा कमी येतो, कारण नमुन्यातूनच वायू उडून गेलेला असतो. ४० मिलिलिटरची काचेची कुपी वापरा. तिच्या झाकणाला आतून टेफ्लॉनचा थर हवा. नळाचा प्रवाह बारीक ठेवा, फेस किंवा बुडबुडे येऊ देऊ नका, नळाला जाळी किंवा एअरेटर बसवलेला असेल तर तो काढा. कुपी काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करा आणि बोटाने टिचकी मारून पाहा. मटारएवढाही बुडबुडा दिसला तर ती कुपी टाकून दुसरी घ्या.

क्लोरीन निष्क्रिय करणारे रसायन कुपीत आधीपासून असले पाहिजे. नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत टीएचएम वाढत राहतात. कोणते रसायन आणि किती, हे विश्लेषणाच्या पद्धतीवर अवलंबून असते, म्हणून कुप्या प्रयोगशाळेकडूनच तयार मागवा आणि भरण्याआधी विसळू नका. ४ अंशांच्या आसपास थंड ठेवा. विश्लेषण १४ दिवसांच्या आत व्हायला हवे.

नमुने किमान चार ठिकाणी घ्या: केंद्रातून पाणी निघते तिथे, टाकीच्या इनलेटवर, आउटलेटवर आणि जाळ्याच्या सर्वांत दूरच्या टोकाला. प्रत्येक ठिकाणी त्याच वेळी तापमान, पीएच आणि उर्वरित क्लोरीनही लिहून ठेवा. वर्षातला सर्वांत उष्ण महिना यात आलाच पाहिजे, कारण टीएचएम गरम पाण्यात झपाट्याने तयार होतात. एक दिलासा असा, की गरम पाण्यातून ते उडतातही लवकर. १० अंशांना क्लोरोफॉर्मचा हेन्री स्थिरांक ०.०७५ च्या आसपास उतरतो, म्हणजे तेवढ्याच कामाला पावणेदोनपट हवा लागते. म्हणून हिशेब दोन्ही ऋतूंसाठी करा आणि जो जड पडेल तो धरा.

पायरी २: टीएचएम किती परत येतात ते बाटलीत पाहा

ही चाचणी स्वस्त आहे, तरी बहुतेक ठिकाणी वगळली जाते. टाकीच्या आउटलेटचे २० लिटर पाणी बादलीत घ्या आणि बारीक छिद्रांच्या दगडातून मिनिटाला २ लिटर हवा सोडा. दर मिनिटाला हवा-पाण्याचे गुणोत्तर ०.१ ने वाढते. प्रत्येक बुडबुडा पूर्ण संपृक्त होऊन वर येत असेल, तर २० अंशांना क्लोरोफॉर्म निम्मे व्हायला गुणोत्तर ५.५ लागते, म्हणजे ५५ मिनिटे. तुमच्या बादलीत ८० मिनिटे लागली तर बुडबुडे मोठे आहेत किंवा पाणी उथळ आहे. हा फरक लिहून ठेवा, डिफ्यूझर (टाकीच्या तळातून बुडबुडे सोडणारा भाग) निवडताना उपयोगी पडतो.

हवा देणे चालूच ठेवा, बहुतेक टीएचएम निघून जाईपर्यंत. मग उर्वरित क्लोरीन मोजा आणि टाकीतून पाणी जितका क्लोरीन घेऊन निघते तितका करून घ्या. पाणी तपकिरी काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरा, वितरणातल्या पाण्याच्या तापमानाला अंधारात ठेवा आणि १, २, ३ आणि ५ दिवसांनी एकेक बाटली तपासा. हवा न दिलेल्या पाण्याच्या बाटल्याही शेजारी ठेवा. दोन्ही संचांत दर दिवशी होणारी वाढ जवळपास सारखी दिसेल. ही वाढ एअरेशनने थांबत नाही, म्हणून ती मर्यादेतून आधीच वजा करायची असते.

उदाहरणार्थ, शेवटच्या टोकाला मर्यादा ८०. नमुन्यांतले चढउतार आणि कडक उन्हाळ्यासाठी १० सोडा, उरले ७०. टाकीपासून टोकापर्यंत पाणी दोन दिवसांत पोहोचते आणि चाचणीत दोन दिवसांची वाढ २० आली. मग टाकीतून निघताना टीएचएम ५० च्या वर असता कामा नये. हेच तुमचे लक्ष्य, आणि ते पाण्याच्या तुमच्या जाळ्यातल्या वेळेवरून निघते, दुसऱ्या गावच्या अहवालातून उचलायचे नसते.

यावरून जागाही ठरते. केंद्राच्या शुद्ध पाण्याच्या टाकीत एअरेशन केले तर टीएचएम तेव्हा थोडेच तयार झालेले असतात, आणि पुढे पूर्ण वाढ व्हायला वेळ मोकळा मिळतो. जाळ्यातल्या दूरच्या टाकीत केले तर बहुतेक टीएचएम तयार होऊन चुकलेले असतात आणि परत वाढायला दिवस कमी उरतात. जिथे वीज आहे, टाकी पुरेशी मोठी आहे आणि तिच्यापुढे सगळी अडचणीची ठिकाणे येतात, ती टाकी निवडा.

पायरी ३: पद्धत निवडा

प्रत्यक्षात चार पर्याय समोर येतात.

टाकीतला फवारा. पंप टाकीतलेच पाणी उचलतो आणि छताजवळच्या नोझलमधून खाली फवारतो. थेंब लहान आणि पडण्याचे अंतर जास्त, तितकी घट जास्त. जुन्या टाकीत बसवायला हाच सर्वांत सोपा, आणि पाणी ढवळण्याचे कामही त्यातच होते.

तळातून बारीक बुडबुडे. ब्लोअर, म्हणजे दाबाने हवा ढकलणारे यंत्र, आणि डिफ्यूझर. क्लोरोफॉर्मसारख्या वायूंबाबत बुडबुडा वर येताना लवकर संपृक्त होतो, मग उरलेल्या उंचीत तो फारसे काही उचलत नाही. म्हणून खूप खोल टाकीत ब्लोअर दाबासाठी वीज खातो आणि मोबदल्यात फार काही देत नाही. साडेतीन-चार मीटरपेक्षा खोल टाकीत इतर पर्याय आधी तपासावेत असे आमचे मत आहे.

पृष्ठभागावरचे तरंगते एअरेटर. बसवायला झटपट, पण छताला शिंतोडे उडतात, आणि टाकीत खांब असतील तर डोकेदुखी.

पॅक्ड टॉवर, म्हणजे लहान तुकड्यांच्या माध्यमाने भरलेला मनोरा, ज्यात पाणी वरून खाली झिरपते आणि हवा खालून वर जाते. घट सर्वांत जास्त, ९० टक्क्यांवरही नेता येते. पण सगळे पाणी एकदा टॉवरवर चढवून पुन्हा पंप करावे लागते, आणि माध्यमावर क्षार बसतात. याच्या आखणीत हेन्री स्थिरांक गुणिले हवा-पाणी गुणोत्तर हा गुणाकार ३ ते ५ च्या दरम्यान ठेवतात. ३.५ धरला तर क्लोरोफॉर्मसाठी गुणोत्तर २८ येते, ब्रोमोफॉर्मसाठी १९५. ब्रोमोफॉर्म हाच प्रश्न असेल तर खर्चाचा अंदाज इथेच येतो.

पुढचा हिशेब फवाऱ्याचा आहे, कारण सर्वांत जास्त प्रसंगी तोच बसतो.

पायरी ४: फवाऱ्याचा हिशेब

आउटलेटचे टीएचएम काढण्यासाठी इनलेटच्या टीएचएममध्ये टाकीत नव्याने तयार होणारे मिळवा आणि बेरजेला (१ + फिरवलेला प्रवाह × एका फेरीतली घट ÷ पुरवठ्याचा प्रवाह) या आकड्याने भागा. एका फेरीतली घट म्हणजे पाणी नोझलमधून एकदा गेल्यावर त्यातल्या टीएचएमचा जितका वाटा उडतो तो. टाकी नीट ढवळली जाते असे यात धरले आहे. ती ढवळली जात नसेल तर सूत्र फसवते, त्याबद्दल पुढे.

टाकी २,००० घनमीटरची, रोजचा पुरवठा १,००० घनमीटर, म्हणजे पाणी दोन दिवस राहते. इनलेटला टीएचएम ९०, टाकीत रोज १० वाढतात, म्हणजे आणखी २०. बेरीज ११०. लक्ष्य ५०. ११० भागिले ५० म्हणजे २.२, त्यातून १ वजा केला की १.२. एका फेरीत नोझलमधून ५० टक्के घट होत असेल, तर फिरवायचा प्रवाह पुरवठ्याच्या २.४ पट, म्हणजे तासाला १०० घनमीटर.

एका फेरीतली घट कॅटलॉगमधून घेऊ नका. निवडलेले एक नोझल, ठरवलेला दाब आणि खरी उंची घेऊन उघड्यावर मांडणी करा. पंपाच्या बाजूच्या नळातून एक नमुना घ्या. खाली रुंद परात ठेवून थेंब झेला, परातीच्या तळाजवळचे पाणी सिरिंजने हळू ओढून कुपीत भरा. दोन्ही नमुन्यांतली तफावत ही तुमची घट. दाब वाढवला की थेंब बारीक होतात आणि घट वाढते, पण फार बारीक धुके झाले की ते पंख्याबरोबर बाहेर जाते. १ ते १.५ बारच्या आसपास चाचणी सुरू करावी.

नोझलपासून पाण्यापर्यंत किमान दीड-दोन मीटर अंतर लागते, आणि टाकी भरलेली असतानाच ते कमी पडते. दोनच उपाय आहेत: टाकी पूर्ण भरू न देणे, म्हणजे साठ्याचा थोडा वाटा सोडणे, किंवा नोझल तरंगत्या चौकटीवर वर तोंड करून लावणे. दुसऱ्या उपायात पातळी कितीही असली तरी फवारा तेवढाच राहतो, पण तो छतावर आदळू नये एवढी जागा हवी.

पायरी ५: हवेचा हिशेब, जो कुणी करत नाही

टाकी बंद असते. फवाऱ्यातून निघालेले टीएचएम पाण्यावरच्या हवेत साचत जातात. ती हवा संपृक्त झाली की पाण्यातून पुढे काही निघत नाही. पंप चालूच राहतो, वीज जात राहते आणि नमुन्यात काही फरक दिसत नाही.

आपल्या उदाहरणात रोज लिटरमागे ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका घनमीटरमागे ६० मिलिग्रॅम टीएचएम काढायचे आहेत. १,००० घनमीटरमधून रोज ६० ग्रॅम, तासाला २.५ ग्रॅम. पाण्यात ५० मायक्रोग्रॅम क्लोरोफॉर्म असेल तर २० अंशांना हवेत जास्तीत जास्त ६ मिलिग्रॅम प्रति घनमीटर एवढेच मावते. पंखा नसेल, तर टाकीत येणारी हवा म्हणजे पाणी उतरताना ओढली जाणारी, तासाला ४०–५० घनमीटर. ५० धरून आणि फवारा अगदी आदर्श मानून गणित केले, तरी ११० चे जेमतेम ९६ होतात. लक्ष्य ५० होते.

टाकीतल्या हवेतले टीएचएम या ६ मिलिग्रॅमच्या १० टक्क्यांच्या आत, म्हणजे ०.६ मिलिग्रॅमवर ठेवायचे असतील, तर २.५ ग्रॅमला तासाला सुमारे ४,२०० घनमीटर हवा लागते. पाण्याच्या पुरवठ्याच्या शंभरपट. आकडा मोठा वाटतो, पण पंख्याला दाब जवळजवळ लागतच नाही. २५० पास्कल धरले तरी ०.६ किलोवॅटमध्ये काम होते. पंपाचे पाहा: २० मीटर हेड (पंपाला पाणी जितक्या उंचीइतके ढकलावे लागते ती उंची) आणि ६५ टक्के कार्यक्षमता धरली, तर तासाला १०० घनमीटरला साडेआठ किलोवॅटच्या आसपास. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर पंख्यावर कधी वाचवू नका. हवेतल्या त्या १० टक्क्यांमुळे फेरीतली घट ५० वरून ४५ होते. ते भरून काढायला पंप तासाला ११० घनमीटरचा घ्या, वीज सुमारे ९.२ किलोवॅट, रोज २२० युनिट.

तुलनेला बुडबुड्यांचा पर्याय. त्याच कामाला सिद्धांताप्रमाणे हवा-पाणी गुणोत्तर १० येते, म्हणजे तासाला ४१७ घनमीटर, आणि प्रत्यक्षातल्या अपूर्ण संपृक्ततेसाठी ५५०. पाच मीटर पाण्याखाली ती हवा ढकलायला ६० टक्के कार्यक्षमतेचा ब्लोअर साडेबारा किलोवॅट घेतो. तीन मीटरच्या टाकीत तोच आकडा साडेआठ-नऊवर येतो. वरची हवा काढायला वेगळा मोठा पंखा लागत नाही, पण बाहेर जायला मोकळा मार्ग लागतोच.

पायरी ६: बसवताना

सक्शन, म्हणजे पंपाचे पाणी ओढणारे तोंड, टाकीच्या तळाशी आणि फवाऱ्यापासून सर्वांत लांब ठेवा. उन्हाळ्यात टाकीत वर गरम आणि खाली थंड असे थर पडतात. सक्शन वर असेल तर पंप वरचाच थर पुन्हा पुन्हा फवारत राहतो आणि खालचे पाणी तसेच आउटलेटला जाते. ज्या टाकीत इनलेट आणि आउटलेट एकच नळ असतो, तिथे नुकतेच आलेले पाणी आधी बाहेर पडते आणि जुने कोपऱ्यात राहते. तिथे इनलेट वेगळे करून उलट बाजूला वर नेल्याशिवाय एअरेशन सुरू करू नका. आधी सूत्रात धरलेले ढवळणे ते हेच.

हवा टाकीच्या एका टोकाने आत आली आणि पाण्यावरून पूर्ण आडवी फिरून दुसऱ्या टोकाने बाहेर गेली पाहिजे. दोन्ही तोंडे शेजारी असली तर ताजी हवा आत न फिरताच निघून जाते. आत येणाऱ्या तोंडाला धूळ अडवणारा फिल्टर आणि बारीक जाळी, खाली वळलेले तोंड, आणि जनरेटरचा धूर, कचरा किंवा बाहेर जाणाऱ्या हवेपासून दूर जागा हवी. बाहेर जाणाऱ्या हवेत क्लोरोफॉर्म असतो, म्हणून ती खिडक्या आणि वर्दळीपासून लांब सोडा आणि स्थानिक प्रदूषण नियम तपासा. पंखा टाकीवर दाब किंवा निर्वात निर्माण करत नाही ना, हे दाबमापीने पाहा. पातळ पत्र्याच्या छताला हे फार लागते.

साहित्य पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित असलेच पाहिजे. पाण्यावरच्या दमट, क्लोरीनयुक्त हवेत साधे लोखंड वर्ष-दोन वर्षांत गंजते, म्हणून नोझल, आधार आणि बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. छताचा आणि शिडीचा रंगही आधी तपासा. रंगाचे पापुद्रे पाण्यात पडायला लागतात ते फवाऱ्यानंतरच. पंपाच्या सक्शनला गाळणी लावा, नाहीतर गंजाचे तुकडे पहिल्या महिन्यात नोझल बुजवतात.

कंट्रोल पॅनेलमध्ये क्रम असा ठेवा: आधी पंखा, मग पंप. पंखा बंद पडला तर पंपही आपोआप बंद व्हावा आणि अलार्म वाजावा. पाण्याची पातळी घसरली तर पंप कोरडा चालण्याआधी थांबावा.

पायरी ७: सुरू केल्यानंतरचे पहिले दोन आठवडे

पंप सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी नमुना घेऊन निराश होऊ नका. टाकी नव्या स्थितीत स्थिरावायला पाणी किमान तीन वेळा पूर्ण बदलावे लागते. आपल्या टाकीत पाणी एकदा बदलायला दोन दिवस लागतात, म्हणजे सहा-सात दिवस. त्यानंतर इनलेट, आउटलेट आणि दूरच्या टोकाचे नमुने एकाच दिवशी घ्या, चारही संयुगे मोजून. मग पंखा बंद ठेवून फक्त पंप चालवा आणि आठवड्याने पुन्हा मोजा. ही चाचणी एकदा केली की पंख्याची देखभाल कधी टाळली जात नाही.

पीएच रोज पाहा. हवा दिल्याने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पीएच चढतो. भूजलात, जिथे हा वायू जास्त असतो, तिथे हे ठळक दिसते. हवेशी आधीच जुळलेल्या पाण्यात फारसे नाही. चढलेल्या पीएचचे तीन परिणाम होतात. एक, क्लोरीनची जंतू मारण्याची ताकद घटते: पीएच ७ ला तीन चतुर्थांशाच्या आसपास क्लोरीन प्रभावी रूपात असतो, पीएच ८ ला जेमतेम एक चतुर्थांश. दोन, कॅल्शियम असेल तर कॅल्शियम कार्बोनेट नोझल, डिफ्यूझर आणि नळांवर बसते. तीन, टीएचएमच्या वाढीचा वेग वाढतो, म्हणजे हवेने काढलेल्या टीएचएमचा थोडा वाटा पुन्हा तयार होतो. नव्या पीएचला बाटलीची चाचणी पुन्हा करा आणि लक्ष्य नव्याने काढा.

मुक्त क्लोरीन स्वतः फारसा बाष्पशील नाही. नेहमीच्या पीएचला तो हवेबरोबर जवळजवळ जात नाही. एअरेशन सुरू केल्यावर उर्वरित क्लोरीन झपाट्याने घटला, तर दोष हवेत शोधू नका. टाकीतला गाळ, सोललेला रंग किंवा फिल्टरमधून येणारी धूळ शोधा. पण ढवळण्यामुळे टाकीचे सगळे कोपरे एकत्र येतात, आणि आधी एका ठिकाणी मोजलेला क्लोरीन आता सरासरी दाखवतो, त्यामुळे थोडा फरक दिसेल.

काय बिघडते आणि कशामुळे

टीएचएम अजिबात घटत नाहीत: पंख्याची दिशा उलटी जोडलेली असते, फिल्टर भरलेला असतो, किंवा दोन तोंडांमध्ये हवा आखूड रस्त्याने निघून जाते. टाकीच्या आत धूर सोडून हवा कुठून कशी फिरते ते पाहा.

एकूण टीएचएम थोडेच घटतात: आधीची संयुगवार मोजणी काढा. क्लोरोफॉर्म भरपूर कमी झाला असेल पण ब्रोमिनयुक्त संयुगे जागची हललेली नसतील, तर यंत्रणा बरोबर चालते आहे आणि पाणीच अवघड आहे.

आउटलेटला घट चांगली, पण टोकाला नाही: टाकीपुढचा काळ मोजलेल्यापेक्षा जास्त आहे. बंद टोके, अर्धवट बंद असलेले व्हॉल्व्ह आणि दुसऱ्या बाजूने मिसळणारे एअरेशन न झालेले पाणी, या तिन्ही गोष्टी तपासा.

नळाला दुधासारखे पांढरे पाणी येते: खोल पाण्यात डिफ्यूझरने दाबाखाली विरघळलेली हवा वर आल्यावर बारीक बुडबुड्यांच्या रूपात निघते. ग्लासात ठेवले की खालून वर निवळत जाते. अपायकारक नसते, पण तक्रारी खूप येतात. डिफ्यूझर वर उचलणे किंवा आउटलेटपासून लांब हलवणे हाच उपाय.

पाणी लालसर होते: स्रोतात लोह विरघळलेले असेल आणि आधी काढले गेले नसेल, तर हवेने ते गाळ होऊन नोझलमध्ये आणि टाकीच्या तळाशी बसते. हे टाकीत नाही, केंद्रातच सोडवायचे असते.

फवाऱ्यातला प्रवाह महिन्यागणिक घटतो: नोझलवर क्षार. पंपाच्या बाहेरच्या दाबमापीवर दाब वाढलेला आणि प्रवाहमापीवर प्रवाह घटलेला दिसतो. दोन्ही मापे नसतील तर हे महिनोन्‌महिने कळत नाही, म्हणून दोन्ही बसवून घ्या आणि सुरुवातीचे आकडे पॅनेलच्या दारावर लिहून ठेवा.

डिफ्यूझरच्या रबरी पडद्यांची छिद्रे बुजली की ब्लोअरचा दाब चढतो. पुरवठादाराने सांगितलेल्या पातळ आम्लाने साफ करता येतात, पण तेव्हा टाकी पुरवठ्यातून वेगळी केलेली हवी आणि पुन्हा सुरू करण्याआधी धुऊन निर्जंतुक केलेली हवी. ब्लोअरचा पट्टा आणि फिल्टर महिन्याला, नोझल तीन महिन्यांनी, आतली गंज आणि रंग वर्षाला तपासा. टाकीत उतरण्याआधी प्राणवायू आणि वायूंची मोजणी करा, दुसरा माणूस वर उभा ठेवा आणि पंखा चालू ठेवा. पंप मात्र कुलूपबंद करून त्याची किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात ठेवा.